नावं सारखी, मेमरी वेगळी

जुन्या डॉस पीसींमधली एक्स्टेंडेड आणि एक्स्पांडेड ही एकाच मेमरीची दोन नावं, असं कुणी म्हणालं, ते पटलं नाही. एक्स्टेंडेड म्हणजे १ एमबीच्या वरची सलग मेमरी. तिला किमान २८६ प्रोसेसर लागतो. एक्स्पांडेड त्याआधीच्या साध्या ८०८८ प्रोसेसरवरही चालायची: ६४० केबी ते १ एमबीच्या पट्ट्यात ६४ केबीची खिडकी, तिच्यात १६ केबीची चार पानं, आणि कार्डावरची मेमरी त्यांतून आळीपाळीनं डोकावणार.

घोळ झाला पुढच्या ३८६ प्रोसेसरमुळे. त्यावरचा ईएमएम३८६ हा डॉसचा ड्रायव्हर एक्स्टेंडेडलाच एक्स्पांडेडचं सोंग घ्यायला लावायचा. बाकी ड्रायव्हरांना वर, त्याच ६४० केबी ते १ एमबीच्या पट्ट्यात, जागा मिळावी म्हणून मी कॉन्फिग.सिस या सुरुवातीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ईएमएम३८६ च्या पुढे नोईएमएस (ईएमएस म्हणजे एक्स्पांडेड; ती नको) लिहिलं. खिडकीचे ६४ केबी सुटले, माउसचा ड्रायव्हर वर गेला. संध्याकाळी गेम म्हणतो, ईएमएस नाही! नोईएमएसच्या जागी रॅम (खिडकीही हवी, वरची जागाही हवी) लिहिलं, तर उरलेल्या जागेत माउस मावेना. शेवटी गेम कीबोर्डवरच खेळलो.