निकाल लागायच्या आधी "तोतया" म्हणायचं का?

शब्दवेडी:
भावाल संन्याशाच्या खटल्यावर ऑडिओसाठी गोष्ट लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. थोडक्यात सांगते, ढाक्याजवळच्या भावाल जमीनदारीचा मधला कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारला असं सगळे धरून चालले होते, आणि मग १९२१ च्या सुमारास ढाक्यात नदीकाठी अंगाला राख फासून बसणारा एक संन्यासी लोकांच्या नजरेत भरला, हाच कुमार अशी कुजबुज सुरू झाली. बहिणीने ओळखलं, बायको विभावतीदेवींनी शेवटपर्यंत मानलं नाही. मी पहिल्या भागात त्याला "दावेदार" म्हटलंय. संपादक म्हणतात, दावेदार म्हणजे तिकिटाचा नाहीतर मुख्यमंत्रिपदाचा, सरळ "तोतया" लिही. पण तोतया म्हटलं की तिथेच निकाल लागला ना! आणि इथे तर कोर्टाने १९३६ ला तो खराच कुमार असं ठरवलं, १९४६ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. मग ठरायच्या आधी अशा माणसाला मराठीत म्हणायचं काय?

साधासुधा:
वादी. खटला त्यानेच लावला ना.

शब्दवेडी:
दावा लागला १९३० ला. त्याआधीची नऊ वर्षं त्याला वादी कसं म्हणू?

मोडीवाचक:
संपादकांचं पटतंय मला. तोतया हा आपला इतिहासातला कमावलेला शब्द आहे, सदाशिवरावभाऊंचा तोतया म्हटलं की मराठी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. १४ जानेवारी १७६१ ला भाऊ पडले, पण पुण्यात खात्री कुणालाच नव्हती, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर १७८३ मध्ये जाईपर्यंत कुंकू पुसलं नाही. त्या आशेच्या जोरावरच तो कनोजी ब्राह्मण उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि १७७६ मध्ये कोकणातले किल्ले भराभर घेत सुटला, शेवटी महादजींची फौज पाठवावी लागली. आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यात आणून मेखसूने डोकं फोडून मारला. मेखसू म्हणजे तंबूच्या मेखा ठोकायचा लाकडी हातोडा, हल्ली कुणाला माहीत नसतो म्हणून सांगतो. जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघाला होता.

रात्रपाळी:
मोडीवाचक, माहिती छान, पण ताईंचा मुद्दा उलटाच सिद्ध केलात की. जे किल्लेदार त्याला जाऊन मिळाले त्यांच्या लेखी तो भाऊसाहेबच होता. तोतया हे नाना फडणीसांच्या बाजूचं नाव झालं. भावाललाही तेच, १९२१ मध्येच तिथल्या कलेक्टरने नोटीस काढून त्याला तोतया ठरवून टाकलं होतं. म्हणजे शब्द आधी आला आणि चौकशी नंतर.

देशीकार:
दावेदार नकोच, अर्धा अरबी अर्धा फारसी. "हक्कसांग्या" करा. गावात तोंडी असा शब्द सहज बसेल.

साधासुधा:
हक्क कुठला मराठी, तोही अरबीच. आणि पेशवा, फडणीस, किल्लेदार हे काय संस्कृत आहेत?

देशीकार:
रुळलेले आहेत ते, त्यांना कोण नको म्हणतंय. नवीन घडवताना तरी भान ठेवा एवढंच म्हणणं.

कोल्हापुरी:
"बहुरूपी" कसा वाटतो?

रात्रपाळी:
अजिबात नको. लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा, खाकी शर्ट, हातात दंडुका, ओट्यावर बसलेल्या आजोबांना "चला, तुमच्यावर वॉरंट आहे" म्हणून दरडावायचा आणि आजोबा हसत पायली काढायला उठायचे. त्याचं सोंग सगळ्यांना माहीत असायचं आणि तीच त्याची कला. फसवणाऱ्याला ते नाव देणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय आहे.

कोल्हापुरी:
मान्य. पण मग पेपरात "तोतया पोलीस" आणि "बोगस डॉक्टर" असं का लिहितात? उलटं फारसं दिसत नाही.

साधासुधा:
माझ्या मते बोगस म्हणजे कागद खोटे. तोतयाला अख्खा माणूस नाहीतर वर्दी अंगावर घ्यावी लागते.

मोडीवाचक:
शब्द तोत्यावरून, म्हणजे पोपटावरून आला असावा. पढवलेलं बोलणारा. भाऊसाहेबांच्या खासगीतल्या गोष्टी पढवल्याशिवाय इतके लोक फसणार नाहीत.

देशीकार:
मराठीत पोपट, राघू, रावा असताना हिंदीतला तोता कशाला आणतील?

मोडीवाचक:
कारण माणूसच उत्तरेकडून आलेला!

देशीकार:
आणि जनकोजींचा? प्रत्येक वेळी पोपट उत्तरेतून यायचा का? ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते.

शब्दवेडी:
माझा प्रश्न राहिला बाजूला. इंग्लंडमध्ये १८६६ साली ऑस्ट्रेलियातून एक खाटीक येऊन मी बुडालेला सर रॉजर टिचबोर्न म्हणाला, लोक त्याला नुसतं "क्लेमंट", म्हणजे हक्क सांगणारा, म्हणायचे, १८७४ ला त्याला चौदा वर्षांची शिक्षा लागली तरी ते नाव सुटलं नाही. तसा कुठल्याच बाजूचा नसलेला शब्द हवाय मला. सध्या "कुमार म्हणवणारा" असं लिहिलंय.

रात्रपाळी:
"म्हणवणारा" मध्येही थोडा संशय आहेच हो. म्हणवतो, म्हणजे असेलच असं नाही. पहिल्या भागात नुसतं "संन्यासी" का नाही ठेवत? ढाक्यातले लोक त्याला तसंच बघत होते.

शब्दवेडी:
पण विभावतीदेवींच्या तोंडी काय देऊ? त्यांच्यासाठी तो परका माणूसच होता, निकालानंतरही.

मोडीवाचक:
त्यांच्या तोंडी तोतयाच. तिथे दुसरा शब्द चालणार नाही. आणि देशीकार, पोपटाचं मी अजून सोडलेलं नाही, दुसरी व्युत्पत्ती असेल तर मांडा.