५८ मुलं, एक वर्गखोली: शाळा उघडताना आधी काय धरायचं?

खडूफळा:
मी सरकारी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. तुकडीचा पट ५८. कोरोनामुळे दीड वर्ष बंद असलेली शाळा पुढच्या महिन्यात सुरू करायची म्हणून सूचनांचा कागद आलाय: सहा फूट अंतर, मास्क, वारंवार हात धुणे, फाटकावर तापमान तपासणे.

काल टेप घेऊन रिकाम्या वर्गात गेले. खोली साडेसात मीटर बाय सहा. फळ्यासमोरची जागा आणि दाराची वाट सोडून सहा-सहा फुटांवर खडूने फुल्या मारत गेले. १४ बसल्या. म्हणजे चार गट पाडले तरी दोन मुलं उरतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचा दीड दिवस येतो. नळांचंही तेच. शाळेत ६०० मुलं आणि चार नळ. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तर सगळ्यांचे हात एकदा धुऊन व्हायला सव्वा तास.

माझ्या हजेरीपटावरच्या ११ मुलांशी गेल्या दीड वर्षात एकदाही बोलणं झालेलं नाही. फोनच लागत नाहीत. ती दीड दिवसासाठी परत येतील का, या विचाराने झोप लागत नाही.

कागदावरचं सगळं जमणार नाही, हे उघड आहे. मग घट्ट काय धरायचं आणि काय सोडायचं?

मोकळीहवा:
ताई, आधी खिडक्या बघा. कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीत बारीक कण तरंगत राहतात आणि सहा फुटांपलीकडेही जातात, हे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट केलं. खोली कोंदट असेल तर तुमच्या फुल्यांचा उपयोग अर्धाच.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर कुणाकडून मिळाला तर एक दिवस वर्गात ठेवा. बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४०० (दहा लाख भागांत ४०० भाग) असतो. खिडक्या लावून ५८ मुलं बसवलीत तर अर्ध्या तासात तो २०००च्या वर जाईल. ८००च्या आसपास राहिला पाहिजे. एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावा आणि समोरचं दार उघडं ठेवा.

तापमानाची बंदूक मात्र सोडून द्या. लागण झालेल्या कित्येक मुलांना ताप येतच नाही, आणि लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरू शकतो. त्या तपासणीपायी फाटकावर रांग लागते, ती गर्दी वेगळीच.

उत्तरपत्रिका:
मीही शिक्षकच. दोन देशांची उदाहरणं मी आमच्या मुख्याध्यापकांपुढे ठेवली होती. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून धाकट्या मुलांच्या शाळा उघडल्या. छोटे, ठरलेले गट केले, गटागटांची सरमिसळ टाळली आणि जमेल तेवढे तास बाहेर मैदानात घेतले. इस्रायलने त्याच वर्षी मे महिन्यात पूर्ण वर्ग भरवले. तेवढ्यात उष्णतेची लाट आली, म्हणून मास्कला सूट मिळाली आणि वातानुकूलन चालू झालं. जेरुसलेममधल्या एकाच शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले.

तिथल्या वर्गात ३५ ते ३८ मुलं होती, खोली ३९ ते ४९ चौरस मीटर. ताई, तुमची खोली ४५ चौरस मीटरची. मुलं मात्र वीस जास्त.

दोघांची_आई:
मला आकडे कळत नाहीत, घरचं सांगते. आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, त्यात सासूबाईंना दम्याचा त्रास. मुलाने शाळेतून काही आणलं तर त्यांना ठेवू कुठे? पण मुलगा घरी बसून वाचायचं विसरलाय. पाचवीत आहे, जोडाक्षर आलं की थांबतो. तेही बघवत नाही.

बाई, एकच विनंती. शाळेत कुणाला लागण झाली तर त्याच दिवशी फोन करा. इकडूनतिकडून कळलं की मग कुणी मूल पाठवत नाही. आणि तुम्ही शिक्षकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेत का, तेही सांगा.

खडूफळा:
दोन्ही डोस झालेत. शाळेत अजून तिघांचे बाकी आहेत, त्यांच्या मागे लागले आहे. फोनचं लिहून घेतलं. प्रत्येक तुकडीला एक शिक्षक नेमून देऊ, म्हणजे कुणी कळवायचं यावर घोळ होणार नाही.

आज खिडक्या पाहिल्या. चारपैकी दोन रंगाने चिकटून बसल्या होत्या. शिपाईदादांनी पटाशीने मोकळ्या केल्या. दीड दिवसाचं गणित मी सोडलं. २९-२९ चे दोन गट, एक दिवसाआड, मास्क सक्तीचा, अंतर तीन फूट. मास्क असेल तर शाळांत तीन फूट चालतील, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मार्च २०२१ मध्येच म्हटलं होतं, तो आधार मुख्याध्यापकांना पटला. पाठांतर, कविता, मोठ्याने म्हणायचं ते सगळं व्हरांड्यात.

पावसाची झड आत येते तेव्हा खिडक्या लावाव्याच लागतात. त्यावर कुणी काही केलं असेल तर सांगा.

आणि त्या ११ मुलांपैकी तिघांचा पत्ता लागला. एकजण कामाला जातो. उद्या त्याच्या घरी जाणार आहे.