पुण्याहून मुंबई बंदर: घारापुरी, गेटवे, रो-रो. आई-वडिलांना झेपेल असं काय?

कर्वेनगरकर
डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस, एक मुक्काम. आम्ही सहा जण: दोघं नवरा-बायको, मुलं आठ आणि बारा वर्षांची, आई-वडील सत्तरीच्या पुढचे. वडिलांना बोटीची हौस आहे आणि घारापुरी बघायचीच आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालते, पण उंच पायरी आली की आधार लागतो. गेटवेची लाँच, अलिबागजवळच्या मांडव्याला जाणारी कॅटमरान, भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारं जहाज) यांतलं काय निवडावं? ट्रेनने जावं की गाडीने? मुलांना "विक्रांत" ही युद्धनौका बघायची आहे, ती आत जाऊन बघता येते का? शिवाय बोट लागण्याचा त्रास दोघांना आहे. ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनीच लिहावं. "मस्त आहे, जरूर जा" एवढं इंटरनेटवर भरपूर सापडलंय.

पाऊणपट
गुडघ्यांचा प्रश्न असेल तर बोट कुठली हे नंतर बघा, आधी तिथी बघा. मुंबईच्या बंदरात उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो दीड-दोन मीटरवर येतो. गेटवेच्या आणि घारापुरीच्या पायऱ्या जागच्या जागी असतात, बोट मात्र पाण्याबरोबर खाली-वर होते. उधाणाच्या ओहोटीला शेवटच्या, शेवाळ धरलेल्या पायऱ्यांपर्यंत उतरावं लागतं आणि वरून बोटीत पाय टाकावा लागतो. आईंना अडचण नेमकी तिथे येणार.

कोकणातला हिशोब सोपा आहे. पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरती, त्यांच्या मध्ये साधारण सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणून संध्याकाळी परतायच्या वेळेला पाणी पार तळाला असतं. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक बघून घ्या. पण कॅलेंडरसमोर उभं राहून तारीख ठरवायला पाऊणपट पुरते.

तुमच्यासाठी शुद्ध किंवा वद्य अष्टमी ते दशमी. उधाण आणि भांग दोन्ही तिथीच्या मानाने दिवस-दीड दिवस मागे रेंगाळतात, म्हणून सप्तमीपेक्षा नवमी बरी. वार सोमवार नको, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारही टाळता आला तर टाळा, रांगेत आईंना तासभर उभं राहावं लागेल.

आणि सकाळची पहिली बोट. हिवाळ्यात दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, पश्चिमेकडून आणि वायव्येकडून. घारापुरीहून गेटवेला येताना बोटीचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे वारा समोरून. लाटा मोठ्या नसतात, पण आखूड आणि लागोपाठच्या असतात. बोट आपटते, वरच्या डेकवर पुढे बसलेले भिजतात आणि ज्यांना बोट लागते त्यांना ती तेव्हाच लागते. नऊला निघून एकच्या सुमारास परत फिरलात तर यातलं बरंचसं टळेल.

शेतबंदर
वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता बेटावरचं सांगतो.

लाँच गेटवेहून नऊपासून साधारण अर्ध्या तासाने सुटतात. अंतर दहा किलोमीटर, वेळ तासभर. जाऊन-येऊन तिकीट माणशी अडीचशे-तीनशेच्या घरात जातं, वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे वेगळे घेतात. परतीचा अर्धा तुकडा जपून ठेवा, येताना तो दाखवावा लागतो. तिकीट खिडकीवरच घ्या, वाटेत अडवून "साहेब, स्पेशल बोट" म्हणणाऱ्याकडून नको. दुपारी दोननंतर निघण्यात अर्थ नाही, शेवटची परतीची बोट साडेपाचच्या आसपास असते आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

बेटावरचा धक्का लांबलचक आहे. उन्हात चालायचं नसेल तर छोटी खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी आहे, दहा-वीस रुपयांत पायथ्यापर्यंत सोडते. मुलं खूश, आईही खूश. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर तिथेच भरायचा. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या रुंद आणि कमी उंचीच्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला धक्क्यावरची एक वाकडी पायरी या सव्वाशेंपेक्षा जड जाते, त्यामुळे पायऱ्यांचा फार धसका घेऊ नका. टप्प्याटप्प्याने, दुकानांच्या बाकांवर टेकत वीस-पंचवीस मिनिटांत चढून होतं. अगदीच नको वाटलं तर डोली आहे. भाव आधी ठरवा, आणि "जाऊन-येऊन, मधला थांबा धरून" हे शब्द स्पष्ट बोलून घ्या. वाद होतो तो नेहमी थांबण्याच्या वेळेवरून.

वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. पहिलं लेणं मोठं आणि सपाट आहे, आईंना तिथे काहीच अडचण नाही. सदाशिवाची मूर्ती, जिला आपण त्रिमूर्ती म्हणतो, ती जवळपास सहा मीटर उंच. दाराशी उभं राहून फोटो काढून परत फिरणारे पुष्कळ. तसं करू नका. तिच्या दोन्ही बाजूंना अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत, उरलेल्या भिंतींवर कल्याणसुंदर, अंधकासुरवध, नटराज, कैलास हलवणारा रावण. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या, मग फोडलेल्या मूर्तींमधलेही चेहरे दिसू लागतात. सहाव्या शतकाच्या मध्याचं काम मानतात. बाकीची लेणी अपुरी आहेत. वेळ कमी असेल तर ती सोडा आणि पहिल्यातच तासभर घालवा. वरच्या टेकडीवरच्या तोफा मुलांना आवडतील, पण आई-वडिलांना तो चढ नको.

माकडं हातातली बाटली आणि खाऊची पिशवी हिसकावतात. खाणं बॅगेत बंद ठेवा, प्लॅस्टिकची पिशवी हातात नकोच.

दादरी
बोट लागण्याबद्दल. एव्होमिनसारखी गोळी निघायच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. बोटीत बसल्यावर, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण ती पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत घारापुरी आलेली असते. तिने झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा आणखी औषधं चालू असतील तर आई-वडिलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळीपेक्षाही जागा महत्त्वाची: खालचा डेक, बोटीच्या मध्याजवळ, तोंड पुढे, नजर लांबच्या किनाऱ्यावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की हमखास लागते. उपाशीपोटी जाऊ नका, आणि मिसळ खाऊनही जाऊ नका.

लाइफ जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर "नीलकमल" बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसं गेली. तेव्हापासून जॅकेट घालण्याचा आग्रह आहे. मागावं लागलं तरी मागून घ्या. बंद सगळे लावायचे, मुलाच्या खांद्यावरून जॅकेट वर ओढून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, लहान मापाचं घ्या. बोट खच्चून भरलेली दिसली तर खुशाल पुढच्या बोटीला थांबा, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

चढताना-उतरताना आईंचे दोन्ही हात मोकळे हवेत, पर्स-पिशवी दुसऱ्याकडे. खलाशाला मनगट नाही, कोपराखाली धरायला सांगा. लाटेने बोट वर आली की पाय टाकायचा, खाली जात असताना नाही. कधी कधी दोन-तीन लाँच एकमेकींना लागून बांधलेल्या असतात आणि एकीतून दुसरीत जावं लागतं. मधल्या फटीत पाय जाणार नाही एवढंच बघायचं, घाई करणाऱ्याला सरळ पुढे जाऊ द्यायचं.

ताम्हिणी_घाट
गाडीने जाणार असाल तर माझं मत रो-रो. भाऊचा धक्का ते मांडवा, तासाभराचा प्रवास, २०२० पासून चालू आहे. गाड्या रॅम्पवरून थेट जहाजात जातात. जहाजात शिरताना-उतरताना पायरी, फळी, उडी यांतलं काही नाही. त्यामुळे गुडघेवाल्यांसाठी बंदरातला सगळ्यात सोपा प्रवास हाच. जहाज मोठं असल्यामुळे लाँचइतकं हलतही नाही.

मार्ग असा घ्या: पुणे, द्रुतगती मार्गाने खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. मांडव्याहून गाडीसकट रो-रोने मुंबई. दुसऱ्या दिवशी सकाळी घारापुरी, दुपारी शिवडीहून अटल सेतूने चिर्ले, तिथून द्रुतगती मार्ग. सेतू २१.८ किलोमीटरचा, कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. त्याच रस्त्याने परत येणं टळतं आणि बंदर एकदा पाण्यावरून, एकदा पुलावरून दिसतं.

रो-रोचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, गाडीचे दर आकारावर ठरतात. सुटायच्या पाऊण तास आधी रांगेत लागा. वडखळची कोंडी धरून वेळ काढा, शनिवारी सकाळी तिथे सगळा हिशोब कोसळतो. आत गेल्यावर हँडब्रेक लावायचा, गाडी गियरमध्ये ठेवायची आणि वर डेकवर जायचं. प्रवासात खाली गाडीत बसू देत नाहीत, त्यामुळे औषधं, पाणी, स्वेटर आधीच काढून घ्या.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटमरान वेगवान आहेत आणि तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, पण गेटवेच्या पायऱ्या तिथेही चुकत नाहीत. पावसाळ्यात त्या बंद असतात.

ट्रेनने जायचं झालं तर डेक्कन क्वीन पुण्याहून ७.१५, मुंबई १०.२५. त्या दिवशी घारापुरीच्या मागे धावू नका. फोर्ट किंवा कुलाब्यात उतरा आणि पहिली बोट दुसऱ्या दिवशी गाठा. परतीची क्वीन संध्याकाळी ५.१० ला आहे, दीड-दोनपर्यंत गेटवेला पोचलात तर जेवूनसुद्धा आरामात मिळते. हॉटेल सोडल्यावर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकता येतं, फक्त प्रत्येक बॅगेला कुलूप हवं.

कर्वेनगरकर
एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. गाडी आणि रो-रो नक्की. अलिबागवरून जातोच आहोत तर ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणतात. मग तोही त्याच दिवशी घ्यावा का? आणि विक्रांतचं कुणी सांगितलं नाही.

पाऊणपट
इथे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. घारापुरीसाठी मी भांग सांगितलं, कारण पाणी फार खाली जात नाही. कुलाबा किल्ल्याला चालत जायला पाणी खाली जायलाच हवं, म्हणजे उधाणाचे दिवस हवेत. अष्टमी-नवमीला दुपारच्या ओहोटीलाही मधल्या पट्ट्यात पाणी राहतं, मग घोडागाडी किंवा बोट. किल्ल्यासाठी तृतीया-चतुर्थी उत्तम: चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. साडेआठला वाळूत उतरा, दहा-सव्वादहाला परत फिरा. पाणी चढायला लागलं की किनाऱ्याजवळची सखल जागा आधी भरते, किल्ल्यावरून ते लक्षात येत नाही.

एकाच सहलीत दोन्ही नीट जमायचं नाही. आईंचे गुडघे बघता घारापुरी धरा आणि किल्ला किनाऱ्यावरून बघा. अलिबाग गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, तिथे भरती-ओहोटी लागत नाही.

गोदीवाला
विक्रांत: संग्रहालय म्हणून ती २००१ ते २०१२ उघडी होती, २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्या पोलादापासून केलेलं एक स्मारक नौदल गोदीच्या बाहेर रस्त्यात आहे, ते गाडीतून दाखवा. २०२२ मध्ये दाखल झालेली नवी विक्रांत नौदलाच्या सेवेत आहे, ती बघायला मिळत नाही. जुन्या ब्लॉगांवरचे विक्रांतचे तिकीटदर वाचून लोक अजून विचारत येतात.

मुलांना बोटीतूनच पुष्कळ दाखवता येईल. गेटवे सोडलं की डाव्या हाताला नौदल गोदी आणि युद्धनौका. तिथे कॅमेरा खाली ठेवा. याच गोदीत वाडिया मंडळींनी सागवानाची जहाजं बांधली. १८१७ची "ट्रिंकोमाली" इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. पुढे मिडल ग्राउंडचं बेट, मग तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप. दोन्हींवर प्रवेश नाही. घारापुरी जवळ आलं की उत्तरेला अटल सेतू, बेटापलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन.

आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती बेटावर शोधू नका. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला. जोडलेला हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून हॉटेलला जाताना फारसं वाकडं पडत नाही.

ससून डॉकचा पहाटेचा मासळी लिलाव बघण्यासारखा आहे, पण खाली पाणी, बर्फ, खवले, वरून पाट्या घेऊन धावणारी माणसं. आई-वडिलांना नेऊ नका.

कर्वेनगरकर
ठरलं. सुट्टीत वद्य नवमी गुरुवारी येते आहे. बुधवारी रो-रो, गुरुवारी पहिली लाँच. म्हणजे राणीची बाग हुकली.

पाऊणपट
नवाची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, एकच्या सुमारास ओहोटी. नऊला निघताना गेटवेवर पाणी बऱ्यापैकी वर असेल, आईंना सोपं जाईल. परतताना घारापुरीला पाणी खाली असेल, पण भांगाचं. चार-सहा पायऱ्या जास्त उतराव्या लागतील, तेवढ्यासाठी साडेअकरालाच लेण्यांतून खाली निघा.

ताम्हिणी_घाट
गुरुवारी अटल सेतूवर चारच्या आत चढा. त्यानंतर दक्षिण मुंबईतून शिवडीला पोचायलाच वेळ जातो.

गोदीवाला
राणीची बाग हुकत नाही. लाँचवरून दीडला आलात तर जेवून भायखळ्यावरूनच शिवडीला जायचं आहे. वीस मिनिटं काढा, हत्ती बागेत शिरल्यावर लगेच आहे.