ब्रह्मनाळची बोट उलटली, तो दोष पुराचा की सरकारचा?

कृष्णाकाठ
8 ऑगस्ट 2019. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना बोट उलटली आणि 17 माणसं गेली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. परवा एका ओळखीच्यांनी पुन्हा तेच ऐकवलं, की निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय. मला हे पटत नाही. आमच्याकडचा पूर डोंगरकड्यासारखा अंगावर कोसळत नाही. पाणी फूटफूटभर चढतं, आधी मळीत येतं, मग पाणंदीत, मग गोठ्यात. 2005 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ते 53 फुटांवर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढं 14 वर्षं मिळाली. तरीही कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या गावाला बाहेर पडायला खच्चून भरलेली एक बोट? एनडीआरएफचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे आणि पूर आला की सांगलीकडचे रस्तेच पाण्याखाली जातात. हे गणित मे महिन्यात सोडवायचं असतं. ते सोडवलं नाही, म्हणून मी याला सरकारचं अपयश म्हणतो.

निवृत्त_पाटबंधारे
नोकरी धरणांवर गेली, म्हणून लिहितो. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. इतक्या पाण्याची तयारी कुठल्याच आराखड्यात नव्हती. लोक म्हणतात कोयना आधी रिकामी का केली नाही. 105 टीएमसीचं धरण जुलैत मोकळं ठेवलं आणि नंतर पावसानं दडी मारली, तर टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांना पाणी कुठून आणायचं? जत-आटपाडीच्या दुष्काळी भागातल्या माणसाला काय सांगायचं? शिवाय पाणी नुसतं धरणांतून आलं नाही, धरणांच्या खालच्या भागातही अफाट पाऊस झाला. पुराची कारणं तपासायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर खापर फोडलेलं नाही. अजून एक, कटू आहे पण खरं आहे: घर सोडा म्हणून सांगूनही लोक निघत नाहीत. मी स्वतः दारोदार फिरलोय.

कृष्णाकाठ
साहेब, धरणाचं तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी मान्य. माझा मुद्दा बोटीचा आहे, विसर्गाचा नाही. पाणी कुठूनही येवो, काठावरच्या गावात किती माणसं, किती म्हातारी, किती बाळंतिणी, हे तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला पाऊस पडायच्या आधी माहीत असतं.

गोठा_आणि_घर
लोक निघत नाहीत, यावर बोलते. आमच्या दावणीला तेव्हा दोन म्हशी आणि एक गाय होती. निघा म्हणून सांगायला माणूस आला. जनावरं कुठं न्यायची विचारलं, तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. शाळेत माणसांची सोय होती, वैरणीची नव्हती. ज्या म्हशीवर घर चालतं तिचं दावं कापून तिला पाण्यात सोडून जायचं का? सासरे मागं थांबले आणि दोन रात्री माळ्यावर काढल्या. याला हट्ट म्हणू नका. चारा आणि छावणी आधी दाखवा, आम्ही पहिल्या दिवशी निघतो.

निवृत्त_पाटबंधारे
ताई, हे मान्य. आमच्या बैठकांत जनावरांचा विषय शेवटी यायचा आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असायची. तिथं आम्ही चुकलो.

पेठेतला_दुकानदार
मी सरकारच्या बाजूनंच बोलणार होतो, कारण एनडीआरएफच्या आणि लष्कराच्या जवानांनी जीव धोक्यात घालून माणसं काढली, ते डोळ्यांनी पाहिलंय. पण 7 ऑगस्टचा तो शासन निर्णय विसरता येत नाही. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तरच 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ. ज्याच्या घरात 40 तास पाणी होतं त्याचं पीठ कोरडं राहिलं होतं का? तिजोरीत पैसा नव्हता म्हणून असा नियम होत नाही. लिहिणाऱ्यानं ओलं घर पाहिलेलं नव्हतं.

निळीरेषा
सगळे सरकारवर तुटून पडलात, पण पूररेषेत घरं बांधली कुणी? निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्याच्या आत भराव टाकून प्लॉट पाडले, आपणच स्वस्त म्हणून घेतले. नदीनं तिची जागा मागितली.

कृष्णाकाठ
शहरापुरतं बरोबर आहे. पण प्लॉटला परवानगी, नळ, वीज आणि घरपट्टीची पावती कुणी दिली? आणि ब्रह्मनाळ काही कालचा प्लॉट नाही. ते गाव पूररेषा कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून तिथं आहे.

निळीरेषा
परवानगीचा मुद्दा मानतो. तरी घेणाऱ्याची जबाबदारी मी सोडणार नाही.

निवृत्त_पाटबंधारे
2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला, तेव्हा इशारे लवकर गेले आणि लोकही लवकर हलले. म्हणजे जमतं. आता बोटींचं विचारता, तर एकच सांगतो: कागदावरची बोट मोजू नका. मे महिन्याच्या ग्रामसभेत ती नदीत उतरवायला लावा, इंजिन सुरू करून दाखवा म्हणा, जॅकेटं माणसांच्या अंगावर घालून मोजा.

कृष्णाकाठ
आमच्या गावात यंदा विचारलं. बोट पंचायतीच्या मागं उलटी घातलेली आहे. इंजिन दुरुस्तीला नेलंय म्हणतात. कधी नेलं, ते कुणालाच सांगता येत नाही.