भूक, क्षुधा की वासना? 'अ‍ॅपेटाइट'ला काय म्हणाल?

कुंपणावरची: शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांच्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. 1951 साली येल विद्यापीठात त्यांनी आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागात, दोन्ही बाजूंना बारीकशी इजा केली. समोर अन्न असूनही उंदीर खाईनात, उपाशी मेले. त्या जागेला 'फीडिंग सेंटर' म्हटलं गेलं. मी 'हंगर'ला भूक लिहिलं आणि 'अ‍ॅपेटाइट'ला क्षुधा. संपादकबाईंनी क्षुधा खोडून तिथेही भूक केलं. आता छापायला निघालेलं वाक्य असं आहे: "भूक नसतानाही भूक असू शकते." काय करू?

दाणेकूट: आमची आजी तापातून उठलेल्या माणसाबद्दल म्हणायची, "पोटात भूक आहे हो, पण अन्नावर वासना नाही." यापेक्षा नेमका शब्द शोधून सापडणार नाही.

रात्रपाळी: "प्रयोगात उंदरांची वासना नष्ट" असा मथळा छापा आणि खालच्या प्रतिक्रिया वाचा. आमच्या नगरकडे अन्नावरची इच्छा उडते.

दाणेकूट: शब्द नासला म्हणून टाकायचा का? मग 'संबंध'ही टाका.

ओसरी: गंमत अशी की भूक हा बुभुक्षाचाच झिजलेला अवतार. बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा, जशी जिज्ञासा ही जाणण्याची. म्हणजे व्युत्पत्तीने भूक हीच 'अ‍ॅपेटाइट' ठरते, आणि क्षुधा 'हंगर'च्या जवळ जाते. तुम्ही नेमकं उलटं लिहिलंत.

कुंपणावरची: म्हणजे संपादकबाई बरोबर?!

ओसरी: अर्ध्या.

गोळी दोन वेळा: व्युत्पत्तीने पेशंट तपासता येत नाही. ओपीडीत लोक "भूक लागत नाही" म्हणतात, तेव्हा बहुतेकदा त्यांना 'अ‍ॅपेटाइट'च म्हणायचं असतं. आणि भूक पोटातच असते असंही नाही. 1912 साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी पोटात फुगा सोडून जठराचं आकुंचन मोजलं. वॉशबर्नने स्वतःच तो गिळला होता. कळ आली की आकुंचन दिसायचं, म्हणजे पोटातले कावळे कागदावर उमटले. पण जठर काढून टाकलेल्यांनाही भूक लागतेच.

रात्रपाळी: कावळे घर सोडतात, ओरडणं सोडत नाहीत.

कुंपणावरची: लगे हाथ दुसरी शंका. 'ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम'ला स्वायत्त चेतासंस्था लिहिलंय. ठीक ना?

शुद्धमती: चेतासंस्था की तंत्रिका तंत्र, आधी एक ठरवा. आणि स्वायत्त म्हणजे स्वतःच्या ताब्यात. हृदय, आतडी आपल्या ताब्यात कुठे असतात? अनैच्छिक म्हणा.

गोळी दोन वेळा: स्वायत्त ती संस्था, तुम्ही नव्हे. आणि तीही पुरती नाही. व्हेगस या तिच्यातल्या मोठ्या नसेमधले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. 'ऑटोनॉमिक' हा शब्द रूढ करणाऱ्या लँग्लीनेही कबूल केलं होतं की शब्दातून वाटतं तितकी ती स्वतंत्र नाही. पण नव्या कल्पनेला नवा शब्द मिळणं त्याला नेमकेपणापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

शुद्धमती: त्याची चूक आपण का गिरवायची?

रात्रपाळी: आमच्या कॉलेजलाही स्वायत्त दर्जा आहे, सही मात्र विद्यापीठाची लागते. शब्द अगदी बरोबर आहे. आणि तिच्या 'सिंपथेटिक' शाखेला अनुकंपी! ही चेतासंस्था अनुकंपा तत्त्वावर लागलेली का?

दाणेकूट: 'फीडिंग सेंटर'चं काय केलंत? भोजनकेंद्र लिहिलंत तर लोक शिवभोजनाची थाळी मागतील.

गोळी दोन वेळा: 'केंद्र' जपूनच वापरा. त्या जागेतून जाणारे डोपामिनचे (मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनाचे) तंतूही इजेत तुटतात, हे नंतर कळलं. सगळी करामत एका ठिपक्याची नव्हे.

कुंपणावरची: वाक्य असं बदललं: "भूक नसली तरी खावंसं वाटू शकतं." नामच काढून टाकलं.

ओसरी: सुंदर. पुढे 'अ‍ॅपेटाइट रेग्युलेशन' आलं की काय कराल, खावंसंवाटणेनियमन?

कुंपणावरची: तेच शीर्षक आहे हो लेखाचं.

दाणेकूट: वासनानियमन!

शुद्धमती: हे आश्रमाच्या पाटीवर शोभेल.

रात्रपाळी: त्याच हायपोथॅलॅमसची दुसरी जागा बिघडली की उंदीर खातच सुटतात आणि फुगतात ना? आमच्याकडे त्याला भस्म्या म्हणतात.

ओसरी: भस्म्या झालेला माणूस खाऊनही वाळतो. फुगणाऱ्याला ती वखवख.

दाणेकूट: वखवख पैशाचीसुद्धा असते. खाण्याची ती खा खा.

ओसरी: वखवख मुळात खाण्याचीच. पैशाकडे नंतर गेली.

दाणेकूट: पुरावा?