मुलुंडचं घर बारा महिने सोलरवर चालेल का? बजेट दोन लाख

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी, आमचं गावठाणात तळमजला अधिक एक असं जुनं घर आहे, गच्ची स्वतःची, साधारण ६०० फूट. सहा माणसं, माझं वर्क फ्रॉम होम, त्यामुळे दिवसभर घर चालूच. महिन्याला २८०-३०० युनिट, मे महिन्यात एसीमुळे ४०० च्या वर. एक जण येऊन सांगून गेला की ५ किलोवॅट बॅटरीसकट घ्या आणि मीटरच काढून टाका, साडेचार लाख. एवढे कुठून आणू? बाबांना रात्री पंखा बंद पडला की दम लागतो म्हणून लाइट गेल्यावर चालायला हवं एवढं मात्र नक्की.

वायरिंगवाला:
दादा मीटर अजिबात काढू नका. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा कितीही बॅटऱ्या असल्या तरी भरणार कशाने? १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतो, म्हणजे ३ किलोवॅट तुम्हाला पुरे, त्याला ३०० फूट बिनसावलीची जागा लागते. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं घ्या, नेट मीटर लावा, दुपारचे जास्तीचे युनिट महावितरणकडे जातात आणि रात्रीच्या वापरातून वजा होतात. हिवाळ्यात शिल्लक पडते पण मार्चअखेर हिशोब बंद होतो आणि उरलेल्याला दर फार कमी मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं घेऊन फायदा नाही. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, पण ती काम झाल्यावर खात्यात येते, आधी पूर्ण पैसे तुम्हालाच भरावे लागतात. पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, कोटेशनवर तसं लिहून घ्या.

गच्चीवाली:
आम्ही भांडुपला बसवलंय. आमची चूक सांगते, शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर दोन पॅनलवर यायची, आम्हाला वाटलं दोनच तर आहेत, पण एका लाइनीत जोडलेले असतात ना, सगळ्यांचंच उत्पादन पडायचं. शेवटी स्ट्रक्चर सरकवावं लागलं, वर स्लॅबला पाडलेल्या भोकांतून पावसात गळती झाली ती वेगळीच. आधी एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत गच्चीवर सावली कुठे फिरते ते खडूने आखून ठेवा, डिसेंबरमधली सावली लांब असते तीही धरा.

मुलुंडकर:
ताई हे कोणीच सांगितलं नव्हतं, उद्याच आखतो. पण ऑन-ग्रिड असल्यावर लाइट गेली तर सोलर चालू राहील ना?

वायरिंगवाला:
नाही, बंद होतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बाबांच्या पंख्यासाठी साधा घरगुती इन्व्हर्टर आणि एक ट्यूब्युलर बॅटरी वेगळी ठेवा, रात्र आरामात निघते. आणि पॅनलच्या आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅट. पाच पंखे बारा तास चालले तर दिवसाला २.७ युनिट वाचतात, म्हणजे महिन्याला ८०! मग कदाचित २ किलोवॅटवरच भागेल, त्यालाही सबसिडी ६०,००० आहेच. गेल्या बारा महिन्यांची बिलं इथे टाका, ग्राहक क्रमांक झाकून, आकडा मांडून देतो.