कार्डापेक्षा यादी महत्त्वाची
फोटो ओळखपत्राच्या सक्तीने गरिबाचं मत बुडतं, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. मतदार कार्ड नसलं तरी आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक चालतं. मी मतदान अधिकारी म्हणून काम केलंय. घामाने फोटो पुसट झालेलं पासबुक घेऊन आलेल्या आजींचं नाव आम्ही मोठ्याने वाचलं, समोर बसलेल्या उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींपैकी कुणीच हरकत घेतली नाही, बोटाला शाई लागली. खरी रडारड होते ती कार्ड हातात आणि नाव मतदार यादीत नाही अशांची. त्यांना कुठलाच पुरावा वाचवू शकत नाही, म्हणून नाव आधी तपासा.

आणखी एक: आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर मुकाट्याने घरी जाऊ नका. ओळख पटवून दिलीत की निवडणूक नियमांतल्या नियम ४९-पी प्रमाणे केंद्राध्यक्षांनी तुम्हाला कागदी मतपत्रिका द्यायलाच हवी. हे प्रदत्त मत. एरवी ते मोजत नाहीत, पण निवडणूक याचिकेत न्यायालय ते उघडायला लावू शकतं. शिवाय तोतयेगिरीची नोंद तरी होते.